ब्रेक ऑईल, पॅड आणि होस: गाडीचे ब्रेक घरच्या घरी सुधारताना

महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण साडेतेराशे मीटरवर आहे. तिथून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरलं की बाराशे मीटरहून जास्त उंची आपण मागे टाकलेली असते. माणसं आणि सामान धरून बाराशे किलो वजनाची गाडी असेल, तर या उतारात सुमारे एक कोटी चाळीस लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तीच गाडी ताशी १०० किलोमीटर वेगावरून पूर्ण थांबवायची तर साडेचार लाखांच्या थोडी वर. भागाकार केला की कळतं, एक घाट उतरणं म्हणजे शंभरच्या वेगावरून तीस वेळा गाडी थांबवणं. यातलं थोडं हवा आणि टायर खातात, गाडी खालच्या गियरमध्ये ठेवली तर बरंचसं इंजिन खातं. उरलेलं सगळं चाकाबरोबर फिरणारे डिस्क आणि ड्रम, डिस्कला घासून चाक थांबवणारे पॅड आणि पेडलचा जोर चाकापर्यंत नेणारं ब्रेक ऑईल तापवतं.

ब्रेक अपग्रेड करायचे म्हणजे काय करायचं, याचं उत्तर या हिशेबात आहे. मोठी डिस्क, लाल रंगाचं कॅलिपर (पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा भाग), भोकं पाडलेले रोटर म्हणजे डिस्कच, असं काहीतरी बहुतेकांच्या डोक्यात असतं. पण एकदाच जोरात ब्रेक दाबल्यावर गाडी किती अंतरात थांबेल हे टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरतं. जोरात दाबल्यावर तुमच्या गाडीचं एबीएस (चाक पूर्ण अडकू न देणारी यंत्रणा) काम करायला लागत असेल, तर चाक अडवण्याची ताकद मूळच्या ब्रेकमध्ये पुरेशी आहे. कमी पडते ती उष्णता झेलण्याची क्षमता आणि पेडलचा भरवसा. या दोन्ही गोष्टी नवं ऑईल, चांगले पॅड, मोकळ्या हलणाऱ्या गाईड पिन (ज्यांवर कॅलिपर सरकतो) आणि धडधाकट होस (कॅलिपरपर्यंत ऑईल नेणारी लवचिक नळी) यांनी मिळतात. सुट्टीच्या एका दिवसात घरी होण्यासारखं काम आहे.

हा लेख पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्या छोट्या गाड्यांसाठी आहे. स्विफ्ट, वॅगन आर, टियागो या त्यातल्याच. स्ट्राँग हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ब्रेक बहुधा इलेक्ट्रॉनिक पद्धतीने चालवलेले असतात आणि कामाआधी स्कॅनरने सिस्टीम सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते. त्या गाड्यांना घरी हात लावू नका.

आधी दुखणं ओळखा

घाटात ब्रेक "गेले" असं लोक म्हणतात तेव्हा दोनपैकी एक गोष्ट झालेली असते. पेडल घट्ट लागतंय, पाय पूर्ण जोरात आहे, जळका वास येतोय आणि गाडी मात्र थांबत नाही: हे पॅड त्यांच्या सहनशक्तीपलीकडे तापल्याचं लक्षण. दुसऱ्या प्रकारात पेडल मऊ होत होत खाली जातं, शेवटी फ्लोअरला टेकतं. हे ऑईल उकळल्याचं लक्षण. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. तुमच्या पायाचा सगळा जोर वाफ दाबण्यातच संपतो.

ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषून घेतं. होसच्या रबरातून, बोनेटखालच्या ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणाच्या श्वासछिद्रातून, थोडं थोडं करत. कोकणात किंवा मुंबईत चार महिने ओल्या हवेत उभ्या राहिलेल्या गाडीचं काय होत असेल ते वेगळं सांगायला नको. ब्रेक ऑईलची प्रत "डॉट" आकड्याने सांगतात. डॉट ३ ऑईलचा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश सेल्सियस असतो, त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की मानकाप्रमाणे तो १४० पर्यंत उतरलेला चालतो. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५, डॉट ५.१ चे २६० आणि १८०. म्हणजे चार वर्षं न बदललेलं महागडं डॉट ४ हे ताज्या डॉट ३ पेक्षा आधी उकळू शकतं. बहुतेक कंपन्या दोन वर्षांनी ऑईल बदलायला सांगतात. सर्व्हिसिंगच्या बिलात ते "टॉप-अप" म्हणून येतं आणि बदललं मात्र जात नाही, हा अनुभव अनेकांचा असेल.

डॉट ३, ४ आणि ५.१ एकाच ग्लायकॉल कुळातली आहेत, एकमेकांत मिसळली तरी बिघडत नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं. नावातल्या त्या एका आकड्याच्या फरकावर जाऊ नका. डॉट ५ आपल्या गाडीत कधीच घालायचं नाही. टाकीच्या झाकणावर डॉट ३ लिहिलं असेल तर डॉट ४ घालायला हरकत नाही. डॉट ४ लिहिलेलं असेल तर खाली उतरू नका. इंजिन ऑईल किंवा पॉवर स्टिअरिंगचं ऑईल चुकून जरी त्या टाकीत पडलं तर सगळी रबरी सील फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑईलला दाब देणारा भाग) चाकापर्यंत सगळंच बदलावं लागतं.

काय बदलायचं, काय राहू द्यायचं

माझ्या मते क्रम असा: टायर जुने असतील तर आधी टायर, मग ऑईल, मग पॅड आणि गाईड पिन, मग होस. डिस्क झिजली असेल तरच डिस्क. इथे थांबा.

पॅड घेताना बॉक्सवरच्या चित्रापेक्षा पॅडच्या पाठीवर किंवा कडेला छापलेली दोन इंग्रजी अक्षरं वाचा. पहिलं अक्षर थंड असतानाचं घर्षण सांगतं, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. एफ-ई छापलेला पॅड तापल्यावर पकड सोडतो, हे ती अक्षरंच सांगतात. रोजची गाडी आणि अधूनमधून घाट यासाठी एफ-एफ उत्तम. जी-जी मिळाला तर पेडल जास्त चावरं लागेल, धूळही जास्त पडेल. रेसिंगसाठी बनवलेले पॅड घेऊ नका. ते गरम झाल्याशिवाय धरतच नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या गेटमधून बाहेर पडताना समोर शाळेची मुलं आली तेव्हा ते थंडच असणार.

मोठ्या पिस्टनचं कॅलिपर बसवलं की त्याला जास्त ऑईल लागतं. मास्टर सिलिंडर तोच राहतो, म्हणून पेडल जास्त खाली जातं. शिवाय पुढच्या आणि मागच्या चाकांमधला कंपनीने ठरवलेला ब्रेकचा समतोल ढळतो. मागचे ड्रम काढून डिस्क बसवण्याचंही तसंच. हॅन्डब्रेकची केबल, मागच्या चाकांचा दाब, एबीएस, सगळ्याचाच हिशेब बदलतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत असे बदल करता येत नाहीत, आणि अपघातानंतर विमा कंपनीला बोट ठेवायला आयतीच जागा मिळते. त्याच मापाचे चांगले पॅड, त्याच मापाची डिस्क आणि नवं ऑईल यात रचना बदलत नाही. स्टीलच्या जाळीचे होस घ्यायचे तर तुमच्या मॉडेलसाठीच बनवलेले, प्रमाणित घ्या. मूळ रबरी होस नवे घातले तरी पेडलमध्ये फरक जाणवतो. आठ-दहा वर्षं जुन्या गाडीत तर हमखास.

सामान

ऑईलच्या अर्धा लिटरच्या दोन सीलबंद बाटल्या. एका गाडीला अर्धा लिटरच्या आसपास पुरतं, पण मध्येच संपलं तर दुकान उघडं असेलच असं नाही. फुटलेल्या सीलची, गेल्या वर्षी उरलेली बाटली वापरायची नाही. ती पाणी शोषत बसलेली असते. निपलसाठी (प्रत्येक चाकाच्या ब्रेकवरचा, हवा आणि जुनं ऑईल बाहेर काढायचा पोकळ स्क्रू) ८ किंवा १० एमएमचा रिंग पाना, लोखंडी पाईपच्या नटासाठी फ्लेअर पाना (नटाला जवळजवळ सगळीकडून धरणारा). साध्या फिक्स पान्याने हे नट गोल होतात आणि मग व्हाईसग्रिपने ओरबाडण्याशिवाय गत्यंतर उरत नाही. जॅक, दोन जॅक स्टँड (गॅरेजमध्ये याला घोडी म्हणतात), टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना), सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, ब्रेक क्लीनरचा कॅन, गाईड पिनसाठी सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस, मेडिकलमधून आणलेली ५० मिलिची सिरिंज आणि फिशटँकच्या दुकानात मिळणारी पारदर्शक हवेची नळी दीडेक मीटर. नळी निपलवर घट्ट बसली पाहिजे. गरम पाण्यात टोक बुडवून चढवली की चपखल बसते. एक रिकामी पाण्याची बाटली, झाकणाला नळीपुरतं भोक पाडून, शेजारी हवेसाठी आणखी एक बारीक भोक.

हातमोजे आणि चष्मा घाला. ब्रेकची धूळ हवा मारून किंवा फुंकर घालून उडवू नका. ती ब्रेक क्लीनरने ओली करून पुसा. आणि गॅरेजमधली सवय घरी आणू नका: पेट्रोल, डिझेल, रॉकेल यांनी ब्रेकचे भाग धुवायचे नाहीत. रबर फुगतं. साधं ग्रीसही त्याच कारणाने गाईड पिनवर चालत नाही.

ब्रेक ऑईल रंग खातं. बोनेटखालच्या टाकीभोवती जुनं फडकं गुंडाळा, जवळ पाण्याची बादली ठेवा. पत्र्यावर थेंब पडलाच तर पुसत बसण्याआधी पाणी ओता. हे ऑईल पाण्यात विरघळतं. सोसायटीच्या पार्किंगमध्ये काम करत असाल तर खाली पुठ्ठा आंथरा, नाहीतर पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर तुमच्या गाडीचं नाव येईल.

गाडी उचलणं आणि पॅड बदलणं

जागा सपाट आणि कडक हवी. पेव्हर ब्लॉक किंवा मातीवर जॅकखाली जाड फळी घाला. जमिनीवर असतानाच व्हील नट पाव आटा सैल करा. पुढचं चाक उचलणार असाल तर मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी ठोकळे, हॅन्डब्रेक वर, गाडी गियरमध्ये. मागचं उचलणार असाल तर ठोकळे पुढच्या चाकांना. ड्रम काढायचा तर हॅन्डब्रेक सोडावा लागतो, त्यामुळे तेव्हा सगळा भरवसा ठोकळ्यांवरच असतो. गाडी घोडीवर उतरवा, हाताने हलवून बघा, मग चाक काढा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या खाली सरकवून ठेवा, म्हणजे घोडी घसरलीच तर गाडी त्यावर बसेल.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जुळणी बघायला तशीच राहू द्या. त्याआधी फोनवर दोन-तीन फोटो काढा, विशेषतः झीज दाखवणारी पत्र्याची पट्टी कोणत्या पॅडवर आणि वर आहे की खाली याचा.

स्टिअरिंग वळवून कॅलिपर बाहेरच्या बाजूला आणा. खालचा गाईड पिनचा बोल्ट काढला की बहुतेक गाड्यांत कॅलिपर वर उचलला जातो. पूर्ण काढत असाल तर तो तारेने स्प्रिंगला टांगा. होसवर लोंबकळत ठेवला तर होस आतून फाटतो, आणि बाहेरून काही दिसत नाही. आतून फाटलेल्या होसमध्ये रबराचा तुकडा झडपेसारखं काम करतो: दाब जातो, परत येत नाही, चाक अडकून राहतं आणि एका बाजूची डिस्क काळीनिळी पडते. असं लक्षण दिसलं तर कॅलिपर बदलण्याआधी होस बघा.

जुने पॅड काढून दोन्हींची जाडी ताडून बघा. नव्या पॅडचं घर्षण-साहित्य साधारण १० एमएम असतं, २ ते ३ एमएमवर आलं की संपलं. आतला पॅड बाहेरच्यापेक्षा फार जास्त झिजला असेल तर गाईड पिन अडकल्या आहेत. पिन ओढून काढा, जुनं वाळलेलं ग्रीस ब्रेक क्लीनरने धुवा, गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने घासा, सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर लावा. बोटाने ढकलल्यावर पिन मऊपणे आत-बाहेर झाली पाहिजे. दोन पिनांपैकी एकीवर रबरी बुश असतो. वरची वर आणि खालची खाली, अदलाबदल नको. पॅड बदलून देणारे पुष्कळ असतात, पिन काढून बघणारे कमी. एवढ्या एका कामाने मला पॅडच्या ब्रँडपेक्षा जास्त फरक जाणवतो.

डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर किमान जाडी कोरलेली असते. मायक्रोमीटर नसेल तर व्हर्नियरने मापा, पण कडेला वर आलेली धार वगळून. किमानपेक्षा कमी भरली किंवा खोल चरे असतील तर दोन्ही बाजूंच्या डिस्क जोडीने बदला. नव्या डिस्कवर गंज न चढण्यासाठी तेल लावलेलं असतं, ते ब्रेक क्लीनरने पूर्ण काढा. डिस्क बसवण्याआधी हबचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं तो भाग) चेहरा तारेच्या ब्रशने चकचकीत करा. तिथे गंजाचा पापुद्रा राहिला तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरने पेडल थरथरायला लागतं.

आता पिस्टन आत ढकलायचा. निपलवर नळी चढवा, दुसरं टोक बाटलीत, निपल अर्धा आटा सैल करा, जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्पने हळूहळू दाबा. कॅलिपरमधलं काळं ऑईल बाहेर पडतं. निपल बंद ठेवून दाबलं तर तोच गाळ उलटा एबीएसच्या युनिटमध्ये आणि टाकीत जातो. पिस्टन बसला की लगेच निपल बंद करा. मागे डिस्क असलेल्या काही गाड्यांत पिस्टन फिरवत आत घालावा लागतो. तिथे क्लॅम्पचा जोर लावलात तर हॅन्डब्रेकची आतली यंत्रणा मोडते.

नवे पॅड बसवा, पॅडच्या कानांवर आणि पाठीवर ग्रीसचा पुसटसा हात, घर्षणाच्या बाजूला अजिबात नाही. बोल्ट टॉर्क रेंचने घट्ट करा. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या. गाईड पिनच्या बोल्टला साधारण २५ ते ३५ न्यूटन-मीटर लागतात, म्हणजे लोकांना वाटतं त्यापेक्षा बरंच कमी.

मागच्या ड्रममध्ये लायनरची (ड्रमला आतून घासणारा थर) जाडी बघा, धूळ ओली करून पुसा, आणि लायनर ड्रमवर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड उचलून आत ओल आहे का बघा. ओल असेल तर सिलिंडर गळतोय. ड्रम निघत नसेल तर अनेक ड्रमवर ८ एमएम बोल्टसाठी आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यात बोल्ट आळीपाळीने आवळले की ड्रम सुटतो. लायनर आणि ड्रम यांच्यात फट जास्त असेल तर ऑईल कितीही बदला, पेडल खालीच लागणार.

होस

हे काम करायचं तर हवा काढण्याच्या लगेच आधी. आदल्या रात्री पाईपच्या नटांवर आणि निपलांवर गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, डिस्कवर उडू न देता. एक युक्ती: पेडल दोन-तीन सेंटिमीटर दाबून सीटला टेकवलेल्या काठीने तसंच धरून ठेवा. मास्टर सिलिंडरमधला टाकीकडचा रस्ता बंद होतो आणि होस सोडल्यावर टाकी रिकामी होत नाही. ब्रेक लाईट तेवढा वेळ लागून राहतात, म्हणून काम रेंगाळू देऊ नका.

फ्लेअर पान्याने लोखंडी पाईपचा नट सोडा, क्लिप काढा, कॅलिपरकडचा बोल्ट काढा. त्या बोल्टला होसच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वॉशर असतो. वॉशर नवेच घालायचे, जुने एकदा दबलेले असतात आणि गळतात. नट आधी हाताने तीन-चार आटे फिरवा, मगच पाना लावा. नवा होस पीळ न पडता बसला पाहिजे. बसवल्यावर स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून बघा: होस टायरला, शॉकअपला कुठेही घासायला नको, ताणायला नको.

हवा काढणं

इंजिन बंद, चावी काढलेली. टाकीतलं जुनं ऑईल सिरिंजने ओढा, तळ उघडा पडू न देता, आणि नवं ऑईल मॅक्सच्या खुणेपर्यंत भरा. झाकण नुसतं वर टेकवून ठेवा. यापुढे टाकी मिनच्या खाली जाता कामा नये. हवा टाकीतून मास्टर सिलिंडरमध्ये आणि पुढे एबीएसच्या युनिटमध्ये गेली तर घरी निघत नाही. स्कॅनर लावून आतला पंप आणि झडपा चालवाव्या लागतात. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळे तुमच्या गाडीत ते बहुधा आहेच.

कोणत्या चाकापासून सुरुवात? सर्वात लांबच्या. इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ मागच्या उजव्या चाकापासून सुरू करतात, कारण तिकडे स्टिअरिंग डावीकडे आणि मास्टर सिलिंडरही डावीकडे. आपल्याकडे उलटं. आपला मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायांसमोर, उजव्या बाजूला. त्यामुळे लांबचं चाक मागचं डावं. मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. छोट्या गाड्यांत ब्रेकचे दोन मार्ग बहुधा तिरके विभागलेले असतात, म्हणून काही कंपन्या मागच्या डाव्यानंतर पुढचं उजवं घ्यायला सांगतात. मॅन्युअलमध्ये जो क्रम असेल तो पाळा.

या कामाला दुसरा माणूस लागतो, आणि बोलणं ठरलेलं हवं. घरातलं कोणीही चालेल, घाई नसलेलं असावं. पेडलखाली एक लाकडी ठोकळा ठेवा, म्हणजे पेडल फ्लोअरपर्यंत जाणार नाही. जुन्या गाडीत मास्टर सिलिंडरचा खालचा भाग वर्षानुवर्षं न वापरलेला, गंजलेला असतो. पेडल तिथपर्यंत नेलं की आतलं सील खरवडतं आणि काल चांगला असलेला मास्टर सिलिंडर आज कामातून जातो.

नळीचं टोक बाटलीतल्या दोन बोटं ताज्या ऑईलमध्ये बुडलेलं हवं. बाटली निपलपेक्षा वर टांगा, म्हणजे बुडबुडे वर निघून जातात. रिंग पाना आधी निपलवर चढवा, मग नळी. आता:

तुम्ही म्हणता, "दाब."
आतला माणूस पेडल हळूहळू दोन-तीनदा मारतो, शेवटी दाबून धरतो आणि सांगतो, "दाबलंय."
तुम्ही निपल अर्धा आटा उघडता. नळीतून ऑईल येतं, पेडल खाली जातं. आतून "गेलं" असं ऐकू येतं, पाय तसाच दाबलेला.
तुम्ही निपल बंद करता. मगच म्हणता, "सोड."

निपल बंद व्हायच्या आत पाय उचलला तर हवा परत आत ओढली जाते, आणि आतापर्यंतची सगळी मेहनत पाण्यात. "सोड" ऐकल्याशिवाय पाय हलवायचा नाही, हे सुरुवातीलाच बजावून ठेवा. पेडल भराभर मारण्यातही तोटा. मोठा बुडबुडा फुटून त्याचे बारीक बुडबुडे होतात आणि ते निघता निघत नाहीत.

नळीत आधी काळ्या चहाच्या रंगाचं ऑईल येतं, मध्येच बुडबुडे, मग हळूहळू फिकट मधाळ रंग. बुडबुडे थांबले आणि रंग स्वच्छ झाला की आणखी दोन-तीनदा करा आणि पुढच्या चाकाकडे जा. मागच्या पहिल्या चाकाला सर्वात जास्त वेळ लागतो, कारण पाईप लांब. दर पाच-सहा "सोड" नंतर उठून टाकी बघा. बसल्या जागी अंदाज बांधू नका.

निपल आवळताना दया दाखवा. साधारण ७ ते १० न्यूटन-मीटर पुरतात. लहान पाना, दोन बोटांचा जोर. आतून पोकळ असल्याने ते सहज मोडतं, आणि मोडलं की कॅलिपर काढून नेण्याशिवाय पर्याय नाही. उघडतानाही सुटत नसेल तर जबरदस्ती नको: स्प्रे, थोडा वेळ, शेजारी हातोडीने हलके ठोके. तरीही सुटलं नाही तर तेवढं काम गॅरेजवर सोपवा. शेवटी निपलवर रबरी टोपी लावायला विसरू नका. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल तिथेच शिरतो.

एकट्याने करायचं तर हाताने चालवायचा व्हॅक्यूम पंप मिळतो. त्यात निपलच्या आट्यांतून बाहेरची हवा ओढली जाते आणि नळीत न संपणारे बुडबुडे दिसत राहतात. लोक वैतागून लिटरभर ऑईल संपवतात. मला दोन माणसांची पद्धतच बरी वाटते.

रस्त्यावर नेण्याआधी

पॅड बदलल्यावर पिस्टन आत ढकललेला असतो, त्यामुळे पहिल्यांदा पेडल रिकामं जातं. गाडी इंचभरही हलवण्याआधी पेडल घट्ट लागेपर्यंत मारा. पार्किंगमधून गाडी मागे घेताना भिंतीवर आदळण्याचं हेच नेहमीचं कारण.

मग इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाचदा मारा, ते कडक होईल. पाय दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल किंचित खाली जाऊन थांबलं तर बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा भाग) ठीक. पाय तसाच मिनिटभर धरा. पेडल हळूहळू बुडत गेलं तर कुठेतरी गळती आहे किंवा मास्टर सिलिंडर आतल्या आत ऑईल सोडतोय. गाडी बाहेर काढायची नाही. मऊ लागून दोन-तीनदा मारल्यावर वर येत असेल तर हवा राहिली आहे, किंवा मागचे ड्रम सैल आहेत. पुन्हा एक फेरी करूनही मऊच राहिलं तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

प्रत्येक निपल आणि होसच्या जोडाला कोरडा टिश्यू लावून बघा. डाग आला तर गळती. चाकं बसवा, नट समोरासमोरच्या क्रमाने आवळा, गाडी जमिनीवर आल्यावर टॉर्क रेंचने पूर्ण करा.

पहिली चक्कर आवारातच, पायी चालण्याच्या वेगाने. मग पहाटेच्या रिकाम्या, सपाट रस्त्यावर पॅड बसवून घ्यायचे: ६० वरून २० पर्यंत मध्यम जोराने, पूर्ण न थांबता, आठ-दहा वेळा, दोन ब्रेकमध्ये अर्धा-एक किलोमीटर अंतर ठेवून. त्यानंतर पाच-सात किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवा. तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून सिग्नलला उभं राहिलं तर पॅडचा ठसा डिस्कवर उमटतो आणि नंतर पेडल थरथरतं. थोडा वास आला तर घाबरू नका. ही फेरी घाटात करायची नाही. नव्या पॅडचे पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर शहरातच जाऊ द्या.

शंभर किलोमीटरनंतर व्हील नटांचा टॉर्क पुन्हा तपासा, टाकीची पातळी बघा. पातळी उतरलेली असेल तर नुसतं भरू नका, गळती शोधा. काढलेलं जुनं ऑईल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतायचं नाही, इंजिन ऑईलच्या डब्यातही मिसळायचं नाही. वेगळ्या बाटलीत, वर नाव लिहून, वापरलेलं ऑईल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या. आणि मार्करने महिना-वर्ष लिहिलेली एक पट्टी टाकीच्या शेजारी चिकटवा, म्हणजे दोन वर्षांनी सर्व्हिस सेंटरमध्ये "ऑईल बदललं होतं का?" असं कोणी विचारलं तर बोनेट उघडून दाखवता येईल.